व्हॅक मशीनचं बिल कापलं, आता काय?

प्रश्न : वडिलांच्या मधुमेही पायाच्या जखमेला व्हॅक मशीन (जखमेतला स्राव सतत ओढून घेणारं यंत्र) लावलं होतं. सहा दिवस रुग्णालयात, नंतर दहा दिवस घरी. विमा कंपनीनं मशीनचं भाडं, जखमेत बसवायचा फोम, स्राव साठवायचा डबा (कॅनिस्टर) सगळंच ‘कन्झ्युमेबल’, म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू, म्हणून कापलं. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बावीस वर्षं मी बिलिंग काउंटरवर बसले. अशी कापलेली बिलं हातात घेऊन उभी असलेली माणसं पाहिली, की अजूनही पोटात तुटतं.

आधी दोन हिशेब वेगळे करा. रुग्णालयातले सहा दिवस हा उपचारच आहे, तिथं भांडायला जागा आहे. घरच्या भाड्याचं मात्र अवघड; शरीराबाहेर वापरायची उपकरणं बऱ्याच पॉलिसी वगळतात. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

बिलात नुसतं ‘ड्रेसिंग मटेरियल’ लिहिलंय का? तिथंच घात होतो. फोम साधारण ४८ ते ७२ तासांनी बदलतात. प्रत्येक बदलाची तारीख, जखमेची लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये आणि साध्या ड्रेसिंगनं का भागलं नसतं, हे सर्जनकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. बिलाची फोडही मागा, ती मागायला संकोच कसला!

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जा.