काचेवर टिचकी

प्रश्न : काका, मी सातपूरला सीएनसी मशिनवर काम करतो. दिवाळीच्या बोनसमध्ये पदरचे थोडे घालून चांगला कॉम्प्युटर घेतला, तो विमान उडवायलाच. आता मित्रांत जुंपली आहे. एक म्हणतो मायक्रोसॉफ्टचाच घे, खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं. दुसरा म्हणतो, ती चित्रं झाली, खरं उडणं एक्स-प्लेनमध्ये. तिसरा म्हणतो, फुकटचं फ्लाइटगिअर असताना पैसे कशाला घालवता? यातला जास्त खरा कोणता?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आधी माझंच बिंग फोडतो. मी वैमानिक नाही. ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्ट्रुमेंट शॉपच्या बाकावर एकतीस वर्षं काढली. विमान दुरुस्तीला आलं की त्याचे मीटर निघून आमच्याकडे यायचे. उंची दाखवणारा अल्टिमीटर काचेच्या हंडीत ठेवायचा, पंपाने हवा ओढायची, काटा चढेल तसा आकडा तक्त्याशी ताडायचा. मग काचेवर बोटाने हलकी टिचकी. टिचकीनंतर काटा जेवढा सरकला, तेवढं आतलं घर्षण. खरं विमान हातात आलं ते दोनदाच, निवृत्तीनंतर, प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, पैसे मोजून, सेसना १७२ मध्ये. तेव्हा माझं मत हे काट्यांच्या माणसाचं मत आहे असं समजून वाचा.

तुमचा पहिला मित्र डोळ्यांपुरता अगदी बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर ऑगस्ट २०२० मध्ये नव्याने आला, तो फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या आसोबो या स्टुडिओने बनवला. बिंग नकाशांचे उपग्रहफोटो जमिनीवर अंथरायचे, आणि घरं फोटोवरून ओळखून प्रोग्रामनेच उभी करायची, अशी त्याची रीत. गंगापूर धरणावरून पूर्वेला वळलात की गोदावरीची वळणं, द्राक्षबागांचे चौकोन, पांडवलेण्यांचा डोंगर, सगळं जागच्या जागी. लेणी मात्र शोधू नका. वरून काढलेल्या फोटोत डोंगराच्या पोटातलं काही दिसत नसतं. रामकुंडाजवळ गेलात तर तीच गत : जे शहर कुणी हाताने घडवलेलं नाही तिथे देवळाचं शिखर आणि शेजारचा वाडा प्रोग्रामला सारखेच, दोन्हींची अंदाजाने घरं होतात. या अंदाजाची गंमत मेलबर्नमध्ये झाली होती. कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशात कुणीतरी एका इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ टाईप केले होते. सिम्युलेटरने इमानदारीने बैठ्या वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उभा केला आणि लोक तो बघायला विमानं घेऊन गेले.

एक्स-प्लेनमध्ये हे वैभव नाही. रस्ते, रूळ, नदी खुल्या नकाशावरून आलेले असल्यामुळे जागेवर असतात, पण जमिनीचा रंग साच्यातला आणि घरं कुठलीही. नाशिक आहे हे कळतं, आपलं नाशिक आहे असं वाटत नाही. (ऑर्थोफोरएक्सपी नावाच्या फुकटच्या साधनाने त्यातही फोटोची जमीन अंथरता येते. डिस्क भरते आणि दोन रविवार जातात.)

आता तुमचा दुसरा मित्र. जुन्या सिम्युलेटरांत विमान आकड्यांच्या तक्त्यावर चालायचं : इतका वेग, नाक इतकं वर, म्हणून इतका उचल. तक्त्यात जे लिहिलेलं नाही ते विमान करायचं नाही. ऑस्टिन मेयर या अमेरिकन गृहस्थाने नव्वदच्या दशकात एक्स-प्लेन लिहिलं ते वेगळ्या वाटेने. पंखाचे, शेपटीचे, पंख्याच्या पात्यांचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर हवा किती जोर लावते ते सेकंदाला अनेकदा मोजायचं. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे विमानाची हालचाल. मायक्रोसॉफ्टनेही २०२० पासून तक्ता सोडून विमानाच्या पृष्ठभागावरच्या हजारभर बिंदूंवर हिशेब सुरू केला. त्यामुळे ‘एक चित्रांचा, एक उडण्याचा’ हे भांडण दहा वर्षांपूर्वी जेवढं खरं होतं तेवढं आज राहिलेलं नाही. मित्राला सांगा, त्याचा मुद्दा जुना झालाय, पण चुकलेला नाही.

मत मागून काय होणार? हंडीत ठेवून बघू. माझी पहिली चाचणी मे महिन्यातल्या ओझरची.

ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर. हवामान हाताने लावायची सोय तिन्ही सिम्युलेटरांत आहे, तापमान ४० अंश ठेवा. प्रमाण वातावरणात, म्हणजे पुस्तकातल्या ठरावीक हवेत, त्या उंचीवर ११ अंश असायला हवेत, म्हणजे आपण २९ अंशांनी तापलेलो. तापलेली हवा विरळ होते, म्हणून विमानाला धावपट्टी आहे त्यापेक्षा उंचावर असल्यासारखी वाटते. एका अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढली असं धरायचं, हा वैमानिकांचा ठोकळ हिशेब. १९०० मध्ये साडेतीन हजार मिळवा, ५४०० फूट होतात. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, फुटांत ५४००. म्हणजे ओझरच्या तापलेल्या डांबरावर उभ्या विमानाला हवा मिळते ती कळसूबाईच्या माथ्यावरची. पूर्ण वजनाच्या सेसना १७२ एसला समुद्रकाठी १५ अंशांना ९६० फुटांची धाव पुरते असं तिचं पुस्तक सांगतं. इथे जवळजवळ दीडपट लागली पाहिजे, आणि चढताना तर ती रडलीच पाहिजे. तुमच्या सिम्युलेटरमध्ये मे आणि जानेवारी सारखेच उडत असतील तर बाहेरच्या द्राक्षबागा कितीही हिरव्या असोत, तो काटा खोटा.

दोन्ही मोठे सिम्युलेटर इथे पास होतात. फ्लाइटगिअरसुद्धा, आणि याचं मला विशेष कौतुक. १९९७ पासून जगभरचे लोक फावल्या वेळात, कुणाकडून पैसे न घेता ते रचत आलेत. दिसायला गरीब आहे. तिसऱ्या मित्राला आमच्यातर्फे चहा.

दुसरी चाचणी मुद्दाम चुका करण्याची. नीट चालवल्यावर सगळेच नीट उडतात. चार हजार फुटांवर इंजिन मंद करा, नाक उचलून धरा आणि मुद्दाम रडर (शेपटीचं उभं सुकाणू, ते पायाने हलतं) एका बाजूला दाबून ठेवा. वेग संपला की विमानाने सरळ खाली बसता कामा नये, एक पंख टाकून गिरकीकडे वळलं पाहिजे. इथे मला एक्स-प्लेन जास्त पटतं. मायक्रोसॉफ्टमध्ये काही विमानं फार सभ्यपणे पडतात. उलट वारा आडवा असताना जमिनीवर धावण्यात एक्स-प्लेन उगाच बिथरतं, तिथे मायक्रोसॉफ्ट शहाणा.

तिसरी चाचणी माझ्या धंद्यातली, ती कुणी करत नाही. मीटरांच्या जागी कॉम्प्युटरसारखे पडदे असलेलं विमान घेऊ नका, जुन्या गोल मीटरांचं घ्या. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या साध्या आवृत्तीत गोल मीटरांची १७२ नाही, पण छोटी १५२ आहे, ती चालेल. चढउताराचा वेग दाखवणारा मीटर बघा. त्याच्या आत हवा बारीक छिद्रातून झिरपते, म्हणून विमान चढायला लागल्यावर खरा आकडा यायला सहा ते नऊ सेकंद जातात. काटा लगेच जागेवर गेला तर तो मीटर नव्हे, हिशेब आहे. मग दिशेचा गायरो, म्हणजे आतल्या फिरत्या भोवऱ्यावर दिशा दाखवणारा मीटर. पृथ्वी फिरते म्हणून तो आपल्या २० अंश अक्षांशावर तासाला पाचेक अंश आपोआप ढळतो, घर्षणाने आणखी. वैमानिक दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्र बघून तो पुन्हा लावतो. तासभर उडून या आणि दोन्ही ताडून बघा. सेटिंगमध्ये हे ढळणं बंद ठेवलेलं असू शकतं, ते आधी तपासा. एक सूचना : वळताना होकायंत्र कसं फसवतं याचं पुस्तकातलं वर्णन युरोप-अमेरिकेचं असतं. तिकडे सुई जमिनीकडे फार झुकते, आपल्याकडे कमी, म्हणून इथे फसवणूकही कमी दिसली पाहिजे. नाशिकवर उडताना लंडनएवढी चूक दिसली तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने जग एकाच खोलीत बसून मोजलंय.

राहिला हात. इथे तिघेही नापास, आणि दोष त्यांचा नाही, टेबलावरच्या दांडीचा आहे. खऱ्या सेसनात वेग वाढला की योक (वैमानिकाच्या हातातलं हँडल) जड होतो, वेग मेला की ढिला, पातळ खिचडी ढवळल्यासारखा. हाताला आलेला भार काढायला ट्रिमचं चाक फिरवायचं. भार संपला की हात सोडा, विमान तसंच राहतं. घरच्या दांडीला स्प्रिंग असते. ती कायम मधे ओढते, विमानाला हवं तिथे नाही. मी घरी तीन वर्षं ‘उडवून’ खऱ्या विमानात बसलो आणि ट्रिम उलटसुलट फिरवत राहिलो. प्रशिक्षक पंचविशीचा पोरगा. दहा मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, “काका, मीटर फार बघताय, बाहेर बघा ना.” एकतीस वर्षं मीटरच बघितलेत हे त्याला सांगितलं नाही.

तेव्हा निवाडा असा. विमान समजून घ्यायचं तर एक्स-प्लेन, जग बघायचं तर मायक्रोसॉफ्ट. माझ्या खोलीत दोन्ही आहेत आणि बायको पाहुण्यांना दाखवते तो मायक्रोसॉफ्ट. एक्स-प्लेनचा नमुना फुकट मिळतो, वेळ आणि प्रदेश ठरावीक असतात, पण वरच्या चाचण्यांतली दुसरी आणि तिसरीचा बराच भाग त्यात उरकतो. तेवढं करूनच पैसे खर्चा. आणि उरलेल्या बोनसात रडरची पेडल घ्या. पायाला काम नसेल तर कुठलाच सिम्युलेटर खरा नाही.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला पायलट व्हायचं आहे. महागडा सिम्युलेटर सेट घेऊन दिला तर पुढच्या प्रशिक्षणाचे तास कमी होतील का? दुकानदार तसं म्हणतो.
— एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, नाही. कमर्शियल पायलटच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या टेबलावरचा एक मिनिटही त्यात धरला जात नाही. विमान कंपन्यांचे सहा पायांवर डोलणारे, कॉकपिट जसंच्या तसं असलेले सिम्युलेटर वेगळे. ते सरकारी मान्यतेचे असतात. दुकानदाराने दोन्हींचं नाव एक आहे याचा फायदा घेतलाय.

त्या पैशांतला छोटा भाग आधी डॉक्टरकडे जाऊ द्या. विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून ‘क्लास टू’ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात अडचण निघाली, तर ती पुढे लाखो रुपये भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेली बरी.

खेळू मात्र जरूर द्या. मुठीत पिळता येणारी साधी जॉयस्टिक पुरे, पिळलं की रडर हलतं. रेडिओवर बोलायची पद्धत, चेकलिस्ट मोठ्याने वाचायची सवय, नकाशा, मीटर वाचणं, एवढं घरी छान होतं. उतरण्याचा सराव मात्र जास्त करू देऊ नका. सपाट पडद्यावर जमीन किती खाली आहे याचा अंदाज कडेच्या नजरेला मिळत नाही, मुलं आकडे बघून उतरायला शिकतात आणि मग ती सवय मोडायला प्रशिक्षकाचा, म्हणजे तुमच्या पैशांचा, वेळ जातो. माझं उदाहरण वर आलंच आहे.

प्रश्न : जुना लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. काय चालेल?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : फ्लाइटगिअर. ढग आणि झाडं कमी करा. बाकीच्या दोघांच्या वाटेला जाऊ नका, लॅपटॉपवर भाकरी भाजता येईल.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ६६. नातवाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आहे. मला विमान शिकायचं नाही. माझी बाग एकदा वरून बघायची आहे. दिसेल का? जागेचे आकडे सोबत पाठवले आहेत. बांधाला शेततळं आहे, त्यावरून ओळखू येईल.
— एक शेतकरी

उत्तर : दादा, दिसते. तुम्ही पाठवलेल्या अक्षांश-रेखांशावर काल संध्याकाळी जाऊन आलो. नातवाला सांगा, ओझरहून निघायचं, जमिनीपासून हजार फुटांच्या वर चढायचं नाही, वेग ७०-८० नॉट ठेवायचा, आणि सूर्य कलता ठेवायचा म्हणजे ओळींच्या सावल्या उठून दिसतात. फार खाली गेलात तर फोटो फाटतो आणि वेलींच्या जागी भलतीच झाडं उगवलेली दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. इंटरनेट चालू हवं, नाहीतर जमीन धूसर राहते.

पूर्वेचा बांध सापडला, विहीर सापडली, तुमच्या पत्रातली चिंचही बहुतेक तीच. शेततळं नाही. दोन घिरट्या घातल्या. फोटो तळं खोदायच्या आधीचा असावा. तिथे अजून वेलीच आहेत.