गन दाबायच्या आधी

सांगली
मृगाच्या तोंडावर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रेशर वॉशरचा, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुणाऱ्या यंत्राचा, फोटो बघितला. त्याला झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ, मागं तुझ्या आईचा अर्धा हात. बरं वाटलं. खाली लिहिलंयस, "काका, १५० बारचं घेतलंय, चालेल ना?" चालेल की. पण मिनिटाला किती लिटर पाणी टाकतं ते तू लिहिलं नाहीस, आणि दुकानदारानंही ते आपणहून सांगितलं नसणार. बार म्हणजे पाण्याचा दाब. तो घाण सोडवतो, वाहून नेतं ते पाणी. मिनिटाला ६ लिटरचं यंत्र अंगणातला चिखल या कडेचा त्या कडेला ढकलत बसतं. तेवढ्याच बारला १२-१५ लिटर मिळालं तर तेच अंगण निम्म्या वेळात होतं. यंत्राच्या पाटीवर आकडा असतो, तो वाच आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. त्याच्यावर पुढचा सगळा हिशेब आहे, पाण्याचासुद्धा. मिनिटाला ९ लिटर म्हणजे तासाला ५४० लिटर. हजार लिटरची टाकी दोन तासांच्या आत तळाला जाते. माझ्या पहिल्याच वर्षी एका घरात मी टाकी अशीच रिकामी केली, नेमकी सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी. त्या वहिनी मला आजही बाजारात दिसल्या की मी भाजीच्या गाड्याकडं वळतो.

म्हणून काम ठरवायच्या आधी बघायला जायचं. फोनवर दर सांगायचा नाही. "साधारण किती होईल?" असं विचारतीलच, तेव्हा "येऊन बघतो आणि सांगतो" म्हणायचं. आपला धंदा या बघण्यात आहे. गन दाबणं कुणीही चार दिवसांत शिकतो.

मी हे कुठं शिकलो ते ऐक. विश्रामबागेत एक नवं घर होतं, निवृत्त मास्तरांचं. सगळीकडं शहाबादी फरशी, तिच्यावर गवंड्यांनी पाडलेले सिमेंटचे डाग. मी बघायला गेलोच नव्हतो. थेट यंत्र आणि अ‍ॅसिडचा कॅन घेऊन गेलो. अ‍ॅसिड ओतलं, फसफसून फेस आला. मला वाटलं, काय घाण निघतेय! तो फेस फरशीचाच होता. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, कडाप्पाही तोच, संगमरवरही त्याच जातीचा. अ‍ॅसिड त्याला खातं. वाळल्यावर बघतो तर फरशी पांढुरकी, खरखरीत, कोड उठल्यासारखी. मास्तर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं, तर विचारायचं होतं." पॉलिशवाल्याचं बिल मी पाच हप्त्यांत फेडलं.

आता मी खिशात लिंबू ठेवतो. दगड ओळखू आला नाही तर आडबाजूच्या कोपऱ्यात एक थेंब टाकायचा आणि कान लावून बसायचं. बारीक फसफसलं, तर अ‍ॅसिडचं नाव काढायचं नाही. आपला काळा दगड, बेसाल्ट, लिंबाला दाद देत नाही.

बघायला गेलास की गच्ची नीट बघ, आत्ता पावसाआधी सगळी बोलावणी गच्चीचीच येणार आहेत. चायना मोझॅकच्या तुकड्यांमधल्या दरजा नखानं उकरून बघ. भुसभुशीत असतील तर तुझा फवारा त्या खरवडून काढेल, जुलैत खालच्या खोलीत ओल उतरेल आणि नाव तुझं निघेल. तेव्हा घरमालकाला वर बोलावून दाखवायचं, फोटो काढायचा, "आधी दरजा भरून घ्या, मग धुतो" म्हणायचं. काम आठवडाभर लांबेल किंवा जाईल. जाऊ दे. आधी सांगितलेली गोष्ट लोक सल्ला म्हणून ऐकतात, तीच धुतल्यावर सांगितली की ती सबब होते.

शेवाळाला तर जोर लागतच नाही. पातळ केलेलं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग रुंद पंख्याच्या पांढऱ्या नोझलनं, ४० अंशाच्या, हलक्या हातानं धुवायचं. शेवाळ मुळासकट मरतं. नुसत्या जोरानं उडवलेलं महिन्यात परत हिरवं होतं. पण हायपो मारण्याआधी कुंड्या पाण्यानं भिजव, झाक, आणि नंतर पुन्हा धू. तुळस तर उचलून लांबच ठेव. गच्ची कितीही चकचकीत केलीस आणि तुळस जळाली, तर त्या घरातून परत फोन येत नाही. आणि हायपो आणि अ‍ॅसिड एका बादलीत, एका जागी, एका दिवशीसुद्धा नको. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, बाथरूमसारख्या बंद जागेत माणूस गुदमरून पडतो. दोन कॅनना दोन रंगांची झाकणं कर आणि हाताखालच्या पोराला ती पाठ करून घे.

ते लाल नोझल, शून्य अंशाचं, पेटीतून काढून घरी ठेव. त्यानं लाकडावर रेघ उठते, रंगाचे पोपडे निघतात. त्वचेवर बसलं तर पाणी थेट आत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, आणि आत मांस सडत जातं. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी बसवायचं नाही. तासाभरात मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना "प्रेशरचं पाणी आत गेलंय" असं सांगायचं, कारण नुसतं भोक बघून त्यांनाही कळेलच असं नाही.

हळदीवरून आठवलं. मार्केट यार्डाकडची वखार धुवायचं काम तुला कधी ना कधी येणारच, सांगलीत राहून हळद चुकत नाही. कोब्यावरचा तेलकट काळा थर काढायला मी कॉस्टिक सोडा टाकला होता. बघता बघता सगळी जमीन लाल. मुकादम हात जोडून म्हणाला, "मालक, हे काय केलंत?" हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे आपल्या आजीला माहीत होतं, मला तेव्हा आठवलं नाही. सोडा असो की चुना, क्षार लागला की हळद लाल होते. पातळ व्हिनेगर शिंपडल्यावर परत पिवळी झाली. उरलेला पिवळा रंग मी उन्हावर सोडला, कारण हळदीचा रंग उन्हानं उडतो. जिथं ऊन येत नव्हतं तिथं तो अजून आहे. आता वखारीत गेलो की आधीच सांगतो: धूळ जाईल, वास जाईल, पिवळेपणा पूर्ण जाणार नाही. जुना गंज, कोब्यात मुरलेलं तेल, यांचंही तसंच. "हे जाणार नाही" हे वाक्य गिऱ्हाइकासमोर न चाचरता म्हणायला शिक. मला ते जमायला सहा वर्षं लागली.

कुपवाडच्या एमआयडीसीत गेलास तर तेलावर आधी लाकडाचा भुसा टाकून तो गोळा कर, मगच पाणी मार. तेलकट पाणी गटारात सोडून दिलं की आपलं काम झालं असं वाटतं. गावाचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं सांगलीकराला वेगळं सांगायला नको, त्यात आपली बादली कशाला ओतायची.

आता एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. तू तेव्हा शाळेत असशील. पाणी उतरलं तेव्हा घराघरांत गाळ, आणि गावात यंत्रं मोजकी. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या दरानं धुतलं. दुसऱ्या दिवशी दुसरे लोक काय घेतात ते कानावर आलं आणि मी दर दुप्पट केला. गावभागातल्या एका आजींनी घासाघीस केली नाही. ट्रंकेतून ओल्या नोटा काढल्या, एकमेकींना चिकटलेल्या, त्या सोडवत मोजून दिल्या. मी घेतल्या. परत केल्या नाहीत. त्या गल्लीतून नंतर मला कुणी बोलावलं नाही, आणि तक्रारही कुणी केली नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा मी गाडीच्या काचेवर दर लिहून चिकटवला, आदल्या महिन्यात होता तोच. आजींचं घर तोवर बंद झालं होतं.

पुराचं काम तुझ्यावर येईलच, म्हणून ध्यानात ठेव: गाळ ओला आहे तोवर फावड्यानं आणि खराट्यानं काढायचा, वाळला की दगड होतो. बोर्डावर आणि मीटरवर फवारा नको, आणि वायरमन बघून जाईपर्यंत त्या घराच्या विजेवर यंत्र लावायचं नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतात. बाहेरून गिलावा दिसतो, आत माती पाणी पिऊन बसलेली असते. त्या भिंतीला प्रेशर म्हणजे तिला ढकलणंच.

बाकी यंत्राचं थोडक्यात. पाण्याशिवाय पंप फिरवू नकोस. गन सोडून यंत्र चालू ठेवून गप्पा मारत बसू नकोस, तेच पाणी आत फिरून तापतं आणि सील जातात. बोअरचं पाणी असेल तर जाळी रोज काढून धू. पहिल्या ५० तासांनी पंपाचं तेल बदल. अर्थिंग तपास, वीज गळली की पुरवठा तोडणारी ईएलसीबी लावून घे, आणि पट्टी गुंडाळलेला जोड असलेली वायर ओल्या जमिनीवर टाकू नकोस.

पैशाचंही. चौरस फुटाचा दर ठेव, पण एका फेरीचे किमान पैसे आधी सांग, नाहीतर जयसिंगपूरला जाऊन एक पायरी धुऊन परत येशील. मापं गिऱ्हाइकासमोर टेपनं घे, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव: काय धुणार, काय नाही, पाणी कुणाचं, वीज कुणाची. त्यांचं "हो" आलं की मग तारीख. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याला वाटेला लाव. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं म्हणजे चोरी. तसं बिल करणारे तुला भेटतील, हुशारीनं सांगतीलही.

घरात वागायचं ते तुझ्या आईनं शिकवलंय, मी काय सांगू. एवढंच, की घरी बाई एकटी असली तर आधी त्यांच्याकडून घरच्या दुसऱ्या कुणाला फोन करवून घे की माणसं आलीत. शेजारच्या दोरीवरचे कपडे काढायला सांग. गच्चीवरून खालच्या घरात जे दिसतं ते खालीच राहू दे. धुण्याआधीचे आणि नंतरचे फोटो टाकायचे तर विचारून टाक, आणि घराचा नंबर दिसू देऊ नकोस. निघताना चेंबरचं झाकण उघडून आपलाच गाळ काढ.

दोन कामांना नाही म्हण. एक, शौचालयाची टाकी. पैसे चांगले सांगतील, "नुसतं वरून फवारा मारा" म्हणतील, मग म्हणतील जरा आत उतरा. २०१३ च्या कायद्यानं माणूस असा उतरवायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आतला वायू दुसरी संधी देत नाही. दुसरं, जुनं देऊळ. पंच मंडळी प्रेमानं सांगतील की जत्रेआधी दीपमाळ उजळून द्या. त्या दगडांच्या सांध्यांत जुना चुना आहे, फवाऱ्यानं तो निघून जातो. मऊ ब्रश आणि पाणी घेऊन दोन दिवस सेवा म्हणून बस, यंत्र गाडीतच राहू दे. संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ब्रशही नको.

आणि सौर पॅनेलचं विचारलं होतंस. प्रेशर नाही. सकाळी काच गार असताना साधं पाणी आणि मऊ ब्रश. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलंस तर काच तडकू शकते.

रविवारी सकाळी घरी ये. यंत्र आणू नकोस, नोझलची पेटी, टेप आणि वही आण. आमच्या गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात शेवाळ धरलंय आणि पन्हळीपाशी एक दरज मला संशयास्पद वाटते. तू बघ आणि मला दर सांग. मी गिऱ्हाईक होऊन भांडणार आहे. काकू पोहे करणार आहे, उपाशी ये.

तुझा,
काका