कोल्हापूरचं समन्स, निपाणीतलं माहेर

प्रश्न : लग्न कोल्हापुरात झालं, संसार गोकुळ शिरगावला. वर्षभर मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन निपाणीत माहेरी आहे. नवऱ्यानं कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावलाय, परवा समन्स आलं. वडील म्हणतात, घेऊच नकोस, आपण इकडे केस घालू. केस इकडे आणता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी समन्स घ्या. नाकारलं तरी 'घेण्यास नकार' असा शेरा पडतो, आणि तारखेला तुमच्या बाजूनं कुणी उभं नसेल तर दावा एकतर्फी चालतो.

पत्नीला ती राहते त्या ठिकाणी दावा लावता येतो, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 मध्ये आहे. वडील ऐकून आहेत ते हेच. पण त्याच कायद्याचं कलम 21-अ सांगतं की एकाचा घटस्फोटाचा दावा आधी दाखल असेल, तर दुसऱ्यानं नंतर लावलेला दावा पहिल्याच न्यायालयात पाठवला जातो, राज्य वेगळं असलं तरी. म्हणजे इकडे घटस्फोटाची केस घातली तर तीही फिरून कोल्हापूरलाच जाईल.

राहिला मार्ग त्यांचा दावा इकडे आणण्याचा. दोन्ही गावं एकाच राज्यात असती तर हायकोर्टात अर्ज चालला असता. मध्ये राज्याची हद्द आली, त्यामुळे ना कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाला तो अधिकार, ना मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर बेंचला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली थेट सुप्रीम कोर्टात जायचं, तेही सगळे मराठी कागद इंग्रजीत करून. चाळीसेक किलोमीटरवरची केस हलवायला दिल्ली! सुप्रीम कोर्ट पत्नीची गैरसोय बघतं, पण अंतरही बघतं. निपाणी-कोल्हापूर एवढ्या अंतरासाठी हा खर्च करू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू.

त्यापेक्षा कोल्हापूरच्या दाव्यात वकील देऊन हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी, दाव्याचा खर्च आणि तारखेला येण्याजाण्याचा खर्च मागा. लेखी कैफियत देण्याआधीही हा अर्ज करता येतो. तुमची आणि मुलीची पोटगी मात्र तुम्ही राहता तिथंच मागता येते : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 144 (जुनं 125). तुमचा भाग कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत असेल तर तिथं, नाहीतर प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांकडे. एका अर्जात दुसऱ्याचा उल्लेख जरूर करा. लपवलं तर रक्कम वजा होईलच, वर विश्वासही जाईल.

मुलीच्या ताब्याबाबत, पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे ठेवावं असं कायदाच सांगतो. तुमची मुलगी चारची आहे, तेव्हा दिवस मोजा. पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात चालतो. त्यासाठी निपाणीतल्या अंगणवाडीचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड आजच फाईलला लावा. कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सोबत हवं, नाहीतर एक तारीख त्यातच जाते.

प्रश्न : पोटगीच्या केसमध्ये नवरा म्हणतो, मी बेकार, शेती वडिलांची. शेतात ऊस उभा आहे, दारात ट्रॅक्टर आहे. सिद्ध कसं करू? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : सुप्रीम कोर्टानं 4 नोव्हेंबर 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोघांनीही मालमत्ता व देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलं. त्यांनी ते दिलं नसेल तर लेखी अर्ज करून मागा. तुमचं शिवणकाम असेल तर तेही तुमच्या प्रतिज्ञापत्रात लिहा.

मग कागद. जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) सर्व्हे नंबरवरून 'भूमी' या सरकारी संकेतस्थळावर निघतो. पण नाव वडिलांचं म्हणून तिथंच थांबू नका. कारखान्यात उसाची नोंद कुणाच्या नावे आहे, बिल कोणत्या खात्यात जमा होतं, तिथून पैसे पुढे कुठं जातात, हे बघा. कारखान्याचं आणि बँकेचं रेकॉर्ड न्यायालयामार्फत मागवता येतं. ट्रॅक्टरचंही तसंच. आरसी बुकावर नाव कुणाचंही असो, कर्जाचा हप्ता कुणाच्या खात्यातून कापला जातो ते महत्त्वाचं. बेकार माणूस हप्ता भरत नाही. आणि हातापायानं धड माणसाची 'काम नाही' म्हणून पोटगीतून सुटका होत नाही.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. कलम 144 खालची थकबाकी वॉरंटनं वसूल करायची, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. 'देतो, देतो' ऐकत बसलेल्यांचे जुने महिने असेच बुडतात.

प्रश्न : पंचांसमोर बाँडपेपरवर भावाची काडीमोड झाली, नोटरीही केली. पाच लाख ठरलेत, मूल तिच्याकडे राहणार. आता दुसरं स्थळ आलंय. चालेल ना? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : नाही. नोटरीचा शिक्का सही कुणाची आहे ते सांगतो, लग्न मोडत नाही. रूढीनं काडीमोड कायद्याला मान्य आहे, पण तुमच्या समाजात ती रूढी पूर्वापार चालत आल्याचं पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि तिथंच बहुतेक जण अडकतात. पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते दुसरं लग्नही रद्दबातल.

दोघं राजी आहेत ना? मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली एकत्र अर्ज करा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढे दोघांच्या दुसऱ्या जबाबापर्यंत सहा महिन्यांची वाट आहे, पण सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय ती माफ करू शकतं. पाच लाख अर्जातच लिहा : किती, कधी, डीडीनं की खात्यात. 'मुलासाठी पुढे काही मागणार नाही' हे कलम मात्र घालू नका. मुलाचा पोटगीचा हक्क आईला सोडता येत नाही. रोख रक्कम तर देऊच नका. डीडी दुसऱ्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर द्या आणि त्याचा नंबर जबाबात नोंदवून घ्या.