माणसाचा वावर असला की जंगलातली झाडांची विविधता घटतेच का? मराठवाड्यात काय दिसतं?

घटतेच असं नाही. वावर कसला, यावर ठरतं. किनवट-माहूरकडे गोंड, कोलाम वस्त्यांच्या आसपास मोह, चारोळी, टेंभुर्णीची झाडं टिकली, कारण मोह फळाफुलांचा. त्याला सहसा कुणी कुऱ्हाड लावत नाही. पण तिथंच एक मेख आहे. चैताच्या सुमारास फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्यात कोवळी रोपं जळतात. मग म्हातारे मोह दिसतात, पोरसवदा मोह शोधावा लागतो. तेंदूचंही (म्हणजे टेंभुर्णीच, तिची पानं विडीला लागतात) तसंच: नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून काही ठिकाणी आग लावतात, झुडपं छाटतात.

देवाच्या नावानं राखलेल्या तुकड्यात वेली, झुडपं, जुनी झाडं एकत्र सापडतात. तोड नाही, चराई कमी. मात्र देवळाभोवती फरशी घातली की खालचं सगळं जातं, वड-पिंपळ तेवढे उरतात. (हल्ली हे फार होतंय.)

नुसतं सागवान किंवा गिरिपुष्प लावून हिरवं केलेल्या डोंगराला मी तरी जंगल म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती राखायचा हक्क दिलाय. मोहाखाली आग न लावता जुनी साडी किंवा जाळी अंथरायची, हे तिथंच ठरवता येतं.