ईपीएसचा दिवा आणि जड स्टिअरिंग: कॉलम बदलायच्या आधी हे बघा

सकाळी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग जड, डॅशबोर्डवर ईपीएसचा (म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा, बंद करून पुन्हा चालू केली की गाडी ठणठणीत, आणि गॅरेजवाला म्हणतो अख्खा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा, मोटर-सेन्सरसकट) बदला. एवढ्यावरून तरी मी कॉलमला हात लावणार नाही. असा येणारा-जाणारा दोष पुष्कळदा विजेच्या पुरवठ्यात असतो.

कारण साधं आहे. गाडी जागेवर उभी असताना चाकं वळवायची म्हणजे मोटरला सगळ्यात जास्त जोर लागतो, ५०-६० अँपिअर सहज ओढते. बॅटरी म्हातारी असेल किंवा अर्थिंगला गंज चढला असेल तर नेमका त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतो. कंट्रोलर, म्हणजे ईपीएसचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, मोटरची मदत बंद करतो आणि दिवा लावतो.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ च्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. (नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, तिथे लगेच घाबरू नका.) मग खरी परीक्षा: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन ईपीएस कंट्रोलरच्या अर्थच्या बोल्टवर. इंजिन चालू ठेवून घरातल्या कुणाला तरी उभ्या जागी स्टिअरिंग फिरवायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर उडाला तर चोर सापडला. बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा. स्टिअरिंग न फिरवता घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही, करंटच नसतो तर व्होल्टेज पडणार कुठून? प्लसच्या बाजूचा मोठा फ्यूज आणि त्याचं सॉकेटही बघा. प्लॅस्टिक करपलेलं दिसलं तर तिथेच थांबा.

गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचायला ते स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर सहसा पुरत नाही, त्याला बहुतेक इंजिनचेच कोड दिसतात. ईपीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात, कंपनीचं किंवा चांगलं मल्टिब्रँड मशीन लागेल. टॉर्क सेन्सरचा (तुम्ही स्टिअरिंगला किती जोर लावता ते मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड पुसूनही पुन्हा पुन्हा येत असेल आणि सप्लाय, अर्थ, कनेक्टर सगळं चोख असेल, तेव्हाच कॉलमचं बोलणं काढा. स्टिअरिंग एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड लागत असेल तरी माझा संशय त्या सेन्सरवर जातो. पण त्याआधी टायरमधली हवा, अलाइनमेंट आणि खालचा युनिव्हर्सल जॉइंट (स्टिअरिंगच्या दांड्याचा वळणारा सांधा) तपासून घ्या. हे बिघडले तर दिवा लागतही नाही.

घाटात किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग लॉकपर्यंत, म्हणजे पुढे वळणारच नाही इतकं, वळवून धरून ठेवायची सवय असेल तर मोटर तापते आणि मदत आपोआप कमी होते. थंड झाली की पूर्ववत. तो बिघाड नाही.

मदत गेली तरी स्टिअरिंग चाकांशी जोडलेलंच राहतं, फक्त जोर लावावा लागतो, त्यामुळे हळू चालवत गॅरेज गाठता येतं. कॉलमजवळचे पिवळे कनेक्टर मात्र एअरबॅगचे असतात. त्यांत मल्टिमीटर घालू नका.

मोजमाप घेतलंत की आकडे इथेच टाका, आणि गाडीचं मॉडेल, वर्षही.