बोगनवेलीचा अर्क: डाग घटले, पण ते प्रथिनामुळेच का?

बोगनवेलीच्या पानांतलं विषाणूरोधक प्रथिन वेगळं काढताना, कच्चा अर्क चोळल्यावर तंबाखू मोझॅक विषाणूचे पानावरचे डाग निम्म्यावर आले, पण अमोनियम सल्फेटने (प्रथिन साक्यात बसवणारं मीठ) प्रथिन वेगळं केल्यावर परिणाम गायब झाला, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय पानांतल्या फिनॉल आणि टॅनिन या रसायनांवर आहे. ते थेट विषाणूकणांना चिकटतात, त्यामुळे अर्क गुणकारी वाटतो. शिवाय ते प्रथिनालाही धरून ठेवतात. तुमचा अर्क दहा मिनिटांत तपकिरी पडत असेल, तर तिथेच घोळ आहे.

१०० ग्रॅम ताजी पानं धुऊन, जाड शिरा काढून २०० मिली थंडगार ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.२) वाटा. बफरमध्ये आधीच १० मिलिमोलर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (तपकिरी पडणं रोखतं) आणि २ ग्रॅम पीव्हीपीपी (फिनॉल धरून ठेवणारी पूड) घाला, वाटून झाल्यावर नको. दुहेरी मलमलीतून गाळा, मग ४ अंशांवर १०,००० जी वेगाने ३० मिनिटं फिरवा. सल्फेटचा ३० टक्क्यांपर्यंतचा साका टाकून द्या, ३० ते ८० टक्क्यांचा ठेवा. सल्फेटची पूड अर्क बर्फावर ठेवून, चिमूट-चिमूट घाला. फेस आला की प्रथिन बिघडतं. मग डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून मीठ बाहेर काढणं), बफर तीन-चारदा बदलून. मीठ राहिलं तर पान करपतं आणि डागांची मोजणीच निरर्थक ठरते.

चाचणी निकोटियाना ग्लुटिनोसाच्या (तंबाखूची एक जात, जिच्या पानावर हा विषाणू मोजता येतील असे डाग पाडतो) एकाच पानावर करा: अर्ध्या भागावर अर्क, अर्ध्यावर नुसता बफर. २४ तासांनी कार्बोरंडम (पान किंचित खरवडणारी बारीक पूड) भुरभुरून विषाणू चोळा, ३-४ दिवसांनी डाग मोजा. सोबत १० मिनिटं उकळलेला अर्कही लावा. त्यानेही तितकेच डाग घटले, तर श्रेय बहुधा प्रथिनाचं नाही. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २८-३० किलोडाल्टनच्या आसपासची पट्टी शोधा.

बोगनवेलीतल्यासारखी ही विषाणूरोधक प्रथिनं रायबोसोमच्या (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) मोठ्या आरएनएमधलं एक ठरावीक अॅडेनीन काढतात आणि प्रथिननिर्मिती थांबते. अशा प्रथिनाचं जनुक दुसऱ्या पिकात टाकताना हीच अडचण येते. पोकवीड या वनस्पतीतल्या अशाच प्रथिनाचं जनुक १९९३ मध्ये तंबाखू आणि बटाट्यात घातलं, तेव्हा अनेक विषाणूंना प्रतिकार मिळाला, पण जास्त प्रथिन बनवणारी रोपं खुरटली. पुढे प्रथिनाच्या शेपटाकडचा तुकडा कापलेल्या रूपाने विषारीपणा टाळता आला. ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतानाही हे प्रथिन त्याच्याच रायबोसोमवर उलटतं, म्हणून गळका प्रमोटर (जनुक बंद हवं तेव्हाही थोडं चालू ठेवणारा स्विच) वापरू नका.

टोमॅटोच्या पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगावर या निकालावरून फवारणी सुचवू नका. तो पसरवणारी पांढरी माशी विषाणू थेट अन्नवाहिनीत सोडते, चोळलेल्या पानाचा नियम तिथे लागू होत नाही.