ट्यूबची भीती आणि लसणाची बोटं

प्रश्न: मुलगा ३ वर्षांचा आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत लाल खरखरीत चट्टे आहेत, रात्री इतकं खाजवतो की चादरीला रक्ताचे डाग पडतात. डॉक्टर इसब म्हणाले, ट्यूब दिली, पण त्यात स्टिरॉइड आहे कळल्यावर मी दोन दिवसांत बंदच केली. सासूबाई म्हणतात अंडं-दही बंद कर, अंगाला डाळीचं पीठ लाव. आता माझ्याच डाव्या हाताची बोटं फाटायला लागलीत, त्याचंच मला लागलं का?

उत्तर: नाही हो, इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बोटांचं शेवटी सांगते.

या मुलांची कातडी मुळातच ओल धरून ठेवत नाही, बऱ्याचदा घरात कुणाला दमा नाहीतर सततची सर्दी-शिंका असतात. त्यामुळे निम्मं औषध म्हणजे मॉइश्चरायझर. कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत अंघोळ, अंग पंच्याने टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच जाड क्रीम थापायचं, चट्टे नसले तरी रोज, दिवसातून दोन-तीनदा. छोटी बाटली महिनाभर पुरली तर समजा कमी लावताय, अंगभर लावायचं तर एवढ्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमसुद्धा लागतं. डाळीच्या पिठाने चोळणं मात्र थांबवा, मोहरीचं तेलही नको.

आता ट्यूब. डॉक्टरांनी दिलेली सौम्य ट्यूब लाल चट्ट्यांवरच लावायची, कातडी मऊ होईपर्यंत, दोन दिवसांत सोडली की चट्टे परत येणारच. माप सोपंय, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भ्यायचंच असेल तर मेडिकलवाला गजकर्णावर म्हणून चिठ्ठीशिवाय देतो त्या तीन-चार औषधं एकत्र असलेल्या क्रीमला भ्या. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी दुकानात मागितलं की मिळतंच, आणि त्याने कातडी पातळ होते, गजकर्ण असेल तर उलट पसरतं.

अंडं-दही खाल्ल्यावर तासा-दोन तासांत पित्त उठतं का, उलटी होते का? नसेल तर उगाच बंद करू नका, वाढीचं वय आहे. पिवळी खपली धरली, चट्ट्यातून पाणी येऊ लागलं किंवा ताप आणि एकसारखे बारीक फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आणि तुमची बोटं. अंगठा आणि शेजारची दोन बोटंच फाटलीयत का बघा, तसं असेल तर कारण बहुतेक लसूण. सुरी उजव्या हातात असते, लसूण डाव्या, म्हणून बाधतो तो डाव्याच हाताला. साधे हातमोजे घालून फारसा उपयोग नाही, लसणाचा अंश त्यातूनही झिरपतो. भांडी घासताना मात्र घाला, आत सुती मोजे घालून. लसूण सोलायचं काम महिनाभर दुसऱ्या कुणाला तरी द्या, सासूबाईंना दिलं तरी चालेल.